घर म्हणजे दुसरे परीक्षा केंद्र नव्हे

ऑगस्ट महिना लागला की एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास स्कॉटलंडमध्ये हजारो मुलांचे मोबाईल वाजतात. ज्यांनी आधी नाव नोंदवलेले असते त्यांना शाळेचा निकाल मेसेजने येतो. शिवाय पोस्टमन त्याच दिवशी घरोघरी लिफाफे टाकत फिरतो. लिफाफ्यात प्रमाणपत्र असते आणि प्रमाणपत्रावर प्रत्येक विषयापुढे एकेक अक्षर असते: ए, बी, सी, डी. वाट पाहणारी मुले पंधरा ते अठरा वर्षांची. त्या सकाळी आई-बाप पहिले वाक्य काय बोलतात, ते मुलाच्या मनात फार दिवस राहते. आजचा लेख त्या सकाळीविषयी आहे आणि तिच्या आधीच्या काही महिन्यांविषयीही.

परक्या देशातल्या परीक्षेची गोष्ट आपल्या आरोग्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. कारणे दोन आहेत. पहिले असे की परीक्षेची काळजी हा झोपेचा, पोटाचा आणि मनाचा विषय आहे, म्हणजेच आरोग्याचा विषय आहे. दुसरे असे की मुलाचे गुण त्याच्या पत्त्याला कसे चिकटलेले असतात, हे स्कॉटलंडमध्ये २०२० साली आकड्यांत छापून आले. वस्तीत राहणाऱ्या आई-बापांना हे कळायला इतक्या लांब जावे लागत नाही. पण तिथे ते सरकारला कबूल करावे लागले, म्हणून ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

२०२० चा ऑगस्ट

कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये स्कॉटलंडच्या सगळ्या शालेय परीक्षा रद्द झाल्या. १८८८ पासून चालत आलेली परीक्षा प्रथमच झाली नाही. मग निकाल लावायचा कसा? शिक्षकांना सांगण्यात आले की वर्गातले काम आणि सराव परीक्षा पाहून प्रत्येक मुलाचा अंदाजे ग्रेड कळवा. शिक्षकांनी तो कळवला. त्यानंतर एसक्यूए या परीक्षा मंडळाने ते अंदाज आपल्या गणितातून काढले. त्या गणितात मोठा वाटा होता शाळेच्या मागच्या निकालांचा. ज्या शाळेचे निकाल वर्षानुवर्षे कमी, तिथले शिक्षक यंदा मुलांना इतके वरचे ग्रेड कसे देतात, असा संशय त्या गणितात बसवलेला होता.

४ ऑगस्टला निकाल लागला. १ लाख २४ हजारांहून अधिक निकाल शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आणले गेले होते. पण ते सगळीकडे सारखे खाली आलेले नव्हते. 'हायर' या परीक्षेत सर्वांत गरीब वस्त्यांमधल्या मुलांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण शिक्षकांच्या अंदाजाने ८५.१ टक्के होते, ते ६९.९ वर आले. सर्वांत सुखवस्तू भागातल्या मुलांचे ९१.५ वरून ८४.६ वर आले. म्हणजे गरिबांकडे १५.२ ची कपात आणि श्रीमंतांकडे ६.९ ची. मंडळाचे म्हणणे असे होते की कपात करूनही गरीब मुलांचा निकाल आदल्या वर्षापेक्षा बराच आहे. ते खरेही होते. पण ज्या मुलीने वर्षभर अभ्यास केला आणि जिचा ग्रेड केवळ तिच्या शाळेतली आधीची मुले मागे पडली होती म्हणून कापला गेला, तिला या उत्तराचा काय उपयोग?

मुले गप्प बसली नाहीत. ग्लासगो शहरातल्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये हातात फलक घेऊन ती उभी राहिली. फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी चूक झाल्याचे मान्य करून माफी मागितली. ११ ऑगस्टला शिक्षणमंत्री जॉन स्विनी यांनी कापलेले ग्रेड मागे घेतले आणि शिक्षकांचे अंदाज कायम केले. आठवडाभरात निर्णय फिरला.

पण तो आठवडा आठवा. ग्लासगोच्या कडेला ईस्टरहाउस, ड्रमचॅपल, कॅसलमिल्क अशा मोठ्या सरकारी वसाहती आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर झोपडवजा चाळींतून हलवलेल्या कामगारांसाठी त्या बांधल्या गेल्या. तिथले लोक आपल्या वसाहतीला 'स्कीम' म्हणतात, आणि स्कीममधले पोर म्हटले की बाहेरचे लोक नाक मुरडतात, हे तिथल्या मुलांना लहानपणापासून माहीत असते. अशा घरातल्या मुलाने त्या आठवड्यात काय समजून घेतले असेल? गणित चुकले असे नव्हे. 'मीच कमी पडलो' असेच त्याला वाटले असणार. अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसाकडे एक गोष्ट असायला हवी. ग्रेड मुलाच्या मेहनतीतून येतो, पण एकट्या मेहनतीतून येत नाही, ही समज.

२०२० सारखे गणित एरवीच्या वर्षी वापरत नाहीत. पेपर लिहिला जातो आणि मुलाला न ओळखणारा माणूस तो तपासतो. तरीही अभ्यासाला खोली कोणाला आहे, शिकवणीचे पैसे कोणाकडे आहेत, कोणाची आई रात्रपाळीला जाते, हे सगळे पेपरमध्ये उतरतेच.

सलग तीन उन्हाळे

तिथली पद्धत थोडक्यात सांगतो. माध्यमिक शाळा सहा वर्षांची. चौथ्या वर्षी, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, 'नॅशनल ५' ही परीक्षा. पाचव्या वर्षी 'हायर', तीही बहुधा चार-पाच विषयांची. विद्यापीठाचा दरवाजा मुख्यतः हायरवर उघडतो. सहाव्या वर्षी 'ॲडव्हान्स्ड हायर', किंवा राहिलेले हायर. परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होतात आणि मे महिनाभर चालतात. त्याआधी हिवाळ्यात शाळेतच सराव परीक्षा होते, तिला 'प्रीलिम' म्हणतात. साधारण ७० टक्क्यांना ए, ६० ला बी, ५० ला सी असा हिशेब असतो, पण पेपर किती अवघड निघाला ते पाहून ही रेघ दरवर्षी थोडी वर-खाली होते.

आपल्याकडे दहावी आणि बारावी अशी दोन वर्षे घरावर ताण असतो. तिथे लागोपाठ तीन उन्हाळे असतात. त्यामुळे 'एवढी परीक्षा होऊ दे, मग बघू' हे तिथे चालत नाही. एक परीक्षा संपते तोवर दुसरीची तयारी सुरू झालेली असते. आई-बापांनी एक महिना दम धरून भागत नाही. घराची रीतच बदलावी लागते.

दोन चुकीची वाक्ये

मुलाला परीक्षेच्या काळात घरातून दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात.

पहिले वाक्य: 'मार्क म्हणजेच सगळं. या वेळी चुकलास तर संपलं.' याने मूल घाबरते. घाबरलेल्या मुलाला वाचलेले आठवत नाही. भीतीने अभ्यास वाढतो असे आपल्याला वाटते. खरे तर भीतीने पुस्तकासमोर बसण्याचे तास वाढतात, डोक्यात जाणारे कमी होते.

दुसरे वाक्य अलीकडे फार ऐकू येते: 'मार्कांना काही अर्थ नसतो रे, तू फक्त आनंदी राहा.' ऐकायला गोड आहे. पण हे वाक्य ज्याला परवडते त्यालाच परवडते. ज्याच्या बापाचा धंदा आहे, ज्याच्या काकाची ओळख आहे, त्याच्या मुलाला ग्रेड नसला तरी वाट मिळते. स्कीममधल्या मुलाला आणि वस्तीतल्या मुलाला प्रमाणपत्र हीच ओळख असते. आपल्या घराचा दरवाजा शिक्षणाने उघडला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलालाही ठाऊक असते. त्याला 'मार्कांना अर्थ नाही' म्हटले तर ते ओळखते की आई खोटे बोलते आहे, आणि मग तिच्या बाकीच्या धीराच्या शब्दांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

माझे मत असे आहे की मुलाला खरे सांगावे. 'मार्क महत्त्वाचे आहेत. त्यासाठी तू मेहनत कर, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. पण मार्क कमी आले म्हणून तू आम्हाला कमी होणार नाहीस, आणि पुढे जायला एकच वाट नसते.' या तीनही गोष्टी एकत्र सांगायच्या. त्यातली एक जरी गाळली तरी वाक्य लंगडे पडते. आणि तिसरी गोष्ट नुसती बोलून चालत नाही. पुढच्या वाटा खरोखर माहीत करून घ्याव्या लागतात. त्याकडे मी पुढे येतो.

झोप, जेवण, उजेड

परीक्षेच्या काळात आई-बापांचे खरे काम काय? अनेकांना वाटते, 'आम्ही शिकलेलो नाही, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?' ग्लासगोत सफाईचे किंवा स्वयंपाकघरातले काम करणाऱ्या परप्रांतीय आयांनाही असेच वाटते. पण अभ्यास शिकवायला शाळा आहे. जुन्या प्रश्नपत्रिका मंडळाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. पुष्कळ शाळा ईस्टरच्या सुट्टीत जादा वर्ग घेतात. जे शाळा देऊ शकत नाही ते घराने द्यायचे, आणि त्याला डिग्री लागत नाही.

पहिली झोप. या वयाच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते. त्यामुळे रात्री लवकर डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. तो आळस नसतो. दिवसा वाचलेले मेंदू झोपेतच नीट लावून ठेवतो, म्हणून रात्रभर जागून वाचलेले सकाळी पेपरात सापडत नाही. स्कॉटलंडमध्ये यात आणखी एक अडचण आहे. मे महिन्याच्या शेवटी ग्लासगोत रात्री साडेनऊलाही उजेड असतो आणि पहाटे पाचच्या आतच उजाडते. ऐन परीक्षेच्या दिवसांत रात्र अशी आखडते. खिडकीला जाड पडदा किंवा जुनी चादर लावणे हा तिथे अभ्यासाचाच भाग आहे. आणि फोन रात्री मुलाच्या उशाशी नको. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. मुलाचाही आणि आपलाही. आपण मध्यरात्रीपर्यंत व्हिडिओ पाहत बसलो तर मुलाला सांगायला तोंड उरत नाही.

दुसरे खाणे. पेपरच्या दिवशी उपाशी पोटी जाऊ देऊ नये. तिथे ओट्सची लापशी हा स्वस्त आणि पोटभरीचा नाश्ता आहे. आपल्या घरात भाकरी, पोहे, उकडलेले अंडे, जे रोज पचते तेच द्यावे. परीक्षेच्या सकाळी नवा पदार्थ नको. जागण्यासाठी मुले एनर्जी ड्रिंकचे डबे पितात, तिकडे लक्ष ठेवावे. पाव लिटरच्या डब्यात साधारण ८० मिलिग्रॅम कॅफिन असते, अर्ध्या लिटरच्या डब्यात १६०. मुलांनी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये, असे युरोपातले अन्नसुरक्षा तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या मुलाची हद्द १५०. एका मोठ्या डब्यातच ती ओलांडली जाते. मग छाती धडधडते, हात कापतात, आणि मुलाला वाटते की आपण घाबरलो आहोत. ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांनी २०१८ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना ही पेये विकणे आपणहून बंद केले, ते उगाच नाही.

तिसरी जागा. परीक्षेच्या काळात तिथल्या मुलांना 'स्टडी लीव्ह' मिळते, म्हणजे पेपर नसेल त्या दिवशी शाळेत जायचे नसते. ज्या घरात स्वतंत्र खोली आहे तिथे ही सुट्टी वरदान. ज्या दोन खोल्यांच्या घरात धाकटी भावंडे, टीव्ही आणि रात्रपाळी करून झोपलेला बाप आहे, तिथे ती शिक्षाच. अशा मुलांसाठी सार्वजनिक ग्रंथालये आहेत. ग्लासगोची मिशेल लायब्ररी हे मोठे सार्वजनिक ग्रंथालय सर्वांना खुले आहे. २०२२ पासून स्कॉटलंडमध्ये बावीस वर्षांखालच्या मुलांना बसप्रवास मोफत आहे, त्यामुळे तिथवर जायला पैसे लागत नाहीत. घरात जागा नसेल तर वेळ द्यावा. संध्याकाळचे दोन तास टीव्ही बंद, पाहुणे नाहीत, घरकामाला हाक नाही. ही हाक मुलींना जास्त पडते, हे लक्षात ठेवावे. परीक्षा मुलीची असेल तर तिच्या वाटची भांडी भावाने घासावीत.

काय बोलावे, काय टाळावे

प्रीलिमचे गुण हाती आले की पहिला प्रश्न बहुधा असतो, 'त्या अमक्याला किती?' हा प्रश्न टाळावा. मूल ती तुलना आधीच करून आलेले असते. पेपर देऊन घरी आलेल्या मुलाला दारातच 'कसा गेला? किती येतील?' विचारू नये. आधी पाणी द्यावे, जेवू घालावे. त्याला सांगायचे असेल तर ते सांगेल. झालेल्या पेपरची उत्तरे पुन्हा तपासत बसले की पुढचा पेपर बिघडतो.

मूल म्हणाले, 'मला काहीच येत नाहीये', तर 'असं कसं, वर्षभर काय केलंस?' असे उत्तर देऊ नये. 'उगाच घाबरतोस' असेही नको. मुलाला वाटते त्याला नाव द्यावे: 'फार भीती वाटते आहे ना?' मग एवढेच विचारावे: 'आज रात्री कोणता एक धडा होईल?' डोंगराएवढा अभ्यास एका धड्याएवढा झाला की श्वास मोकळा होतो. श्वास फारच कोंडला तर सोबत बसून हळू श्वास घ्यावा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा. पाच-सात मिनिटांत धडधड उतरते.

ॲबरडीन, एडिंबरा, ग्लासगो इथे नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या मुलांवर आणखी एक ओझे असते, ते म्हणजे गावाकडून येणारे फोन. निकालाच्या दिवशी इकडून काका, मामा, आत्या विचारतात, 'किती टक्के पडले?' तिथल्या प्रमाणपत्रावर टक्के नसतातच, अक्षरे असतात. मग मूल फोनवर अडखळते, आई सावरून घेते, आणि लपवण्यासारखे काही नसताना घरात लपवालपवी सुरू होते. आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक तिकडे असतील तर त्यांनी हे ध्यानात घ्यावे. निकालाच्या दिवशी फोन करायचाच असेल तर मुलाला विचारावे, 'जेवलास का? पुढे काय करायचं मनात आहे?' टक्क्यांचा प्रश्न राहू द्यावा.

माहिती हीच हिंमत

आता पुढच्या वाटांविषयी. गरीब घरात ग्रेड कमी आला की सगळे संपले असे वाटते, कारण नियम माहीत नसतात. सुखवस्तू घरातल्या आई-बापांना ते माहीत असतात आणि ते दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन उभे राहतात. खरा फरक बऱ्याचदा इथेच पडतो. म्हणून स्कॉटलंडमधल्या आई-बापांनी काही गोष्टी आधीच विचारून ठेवाव्यात.

परीक्षेच्या दिवशी मूल आजारी पडले किंवा घरात मृत्यू झाला, तर शाळेला लगेच कळवावे. अशा मुलाच्या वर्षभराच्या कामाचा पुरावा पाहून ग्रेड देण्याची सोय आहे. ज्या मुलाला वाचायला-लिहायला अडचण येते, त्याला जादा वेळ, वेगळी खोली किंवा लिहून घेणारा माणूस मिळू शकतो. पण ते आधी ठरवावे लागते, पेपरच्या सकाळी मागून मिळत नाही.

निकाल पटला नाही तर अपील करता येते आणि त्याला फी नाही. शाळा करू शकते, मूल स्वतःही करू शकते. मात्र अपिलात ग्रेड वर जाऊ शकतो तसा खालीही येऊ शकतो, म्हणून आधी शिक्षकाशी बोलावे. विद्यापीठाचा प्रवेश अडला असेल तर त्या अपिलाचा विचार आधी होतो. निकालाच्या दिवसांत स्किल्स डेव्हलपमेंट स्कॉटलंड ही सरकारी संस्था मोफत हेल्पलाइन चालवते. तिथे करिअर सल्लागार फोनवर बसलेले असतात.

राहिलेला हायर सहाव्या वर्षी पुन्हा देता येतो. शाळा सोडून कॉलेजात गेले तर एचएनसी, एचएनडी असे अभ्यासक्रम आहेत, आणि ते पूर्ण करून अनेक विद्यापीठांत थेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कमी उत्पन्नाच्या घरातल्या सोळा ते एकोणीस वयाच्या मुलाला शिकत राहण्यासाठी आठवड्याला ३० पौंड भत्ता मिळतो. स्कॉटलंडच्या रहिवासी विद्यार्थ्याची पहिल्या पदवीची फी सरकार भरते. कामाच्या व्हिसावर गेलेल्या कुटुंबांनी हे नियम आपल्या मुलाला लागू होतात का, ते आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट. सर्वांत गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी तिथल्या विद्यापीठांनी प्रवेशाची किमान अट वेगळी ठेवली आहे. अर्जावरचा पत्ता पाहून ती लागू होते. काही लोक याला सवलत म्हणून हिणवतात. हा वाद आपल्या कानांना नवा नाही. दोन खोल्यांत, आवाजात, उसन्या पुस्तकावर मिळवलेला बी हा स्वतंत्र खोलीत, शिकवणी लावून मिळवलेल्या ए पेक्षा कमी मेहनतीचा असतो का? पत्त्यामुळे जे कापले जाते ते पत्ता पाहून परत देणे, यात मेहरबानी कुठे आली? मुलाने तो हक्क घ्यावा आणि घेताना मान खाली घालू नये. हे त्याला घरातूनच सांगितले गेले पाहिजे.

ही चिन्हे दिसली तर थांबू नका

थोडी धाकधूक सगळ्यांनाच असते आणि ती पेपर संपला की जाते. पण दोन आठवडे उलटूनही मूल नीट जेवत नाही, झोपत नाही किंवा दिवसभर झोपूनच राहते, मित्रांना टाळते, रोज पोट किंवा डोके दुखते म्हणून शाळा चुकवते, तर ती नुसती परीक्षेची भीती नव्हे. मूल स्वतःला इजा करत असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे म्हणत असेल, तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

अशा वेळी मुलाला स्पष्ट विचारावे: 'जीव देण्याचे विचार मनात येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मुलाला कळते की हे बोलता येते. उत्तर 'हो' आले तर ओरडू नये, रडारड करू नये, शपथा घालू नयेत. मुलाला एकटे सोडू नये, घरातली औषधे, फिनेल, कीटकनाशक दूर ठेवावे आणि डॉक्टरकडे न्यावे. ब्रिटनमध्ये मुलांसाठी चाइल्डलाइनचा ०८०० ११११ हा मोफत नंबर आहे. स्कॉटलंडच्या माध्यमिक शाळांत समुपदेशकाचीही सोय केलेली आहे. आपल्याकडे टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. हा नंबर आज भिंतीवर लिहून ठेवावा. गरज पडेल तेव्हा शोधायला वेळ नसतो.

सगळे आई-बापांवर ढकलू नका

शेवटी एक गोष्ट सरकारच्या दाराशी ठेवतो. मुलांच्या ताणाची चर्चा निघाली की सगळा उपदेश आई-बापांना होतो. या लेखातही तो पुष्कळ आहे. पण जे गणित २०२० मध्ये चुकले ते कोणत्याही आईने केले नव्हते. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये परीक्षेची फेरचर्चा झाली. २०२३ मध्ये प्राध्यापक लुईस हेवर्ड यांच्या अहवालाने लहान वर्गांच्या लेखी परीक्षा काढून टाकण्याचा मार्ग सुचवला. सरकारने तो पूर्ण स्वीकारला नाही, परीक्षेचे ओझे काही विषयांत कमी करण्याचे ठरवले. २०२५ मध्ये एसक्यूएच्या जागी नवी संस्था आणण्याचा कायदाही तिथल्या संसदेने केला.

परीक्षा कमी करून वर्षभराच्या कामाला जास्त गुण द्यावेत का? माझ्या मते त्यालाही एक अट हवी. वर्षभराचे काम घरी करायचे असेल तर ज्याच्या घरी शिकलेला बाप आणि लॅपटॉप आहे त्याचाच पुन्हा फायदा होईल. म्हणून ते काम शाळेत, शिक्षकासमोर व्हावे. पद्धत कोणतीही येवो, तिला एकच प्रश्न विचारायचा: हिने कोणाच्या मुलाचा ग्रेड खाली जातो? हा प्रश्न २०२० मध्ये निकालाआधी कोणी मोठ्याने विचारला असता, तर मुलांना रस्त्यावर यावे लागले नसते.

तोवर घराने आपले काम करावे. बाहेर मुलाला तोलणारे पुष्कळ आहेत: मंडळ आहे, विद्यापीठ आहे, नोकरी देणारा आहे, नाक मुरडणारे शेजारीही आहेत. घरात आणखी एक तराजू नको. पेपरआधी पोटभर जेवण आणि गाढ झोप, निकालाच्या दिवशी 'ये, बस, आता पुढे काय ते मिळून बघू', आणि दुसऱ्या दिवशी गरज पडलीच तर नियमांचा कागद हातात घेऊन मुलासोबत शाळेच्या ऑफिसात. कमी शिकलेल्या आई-बापांनाही हे जमते. मुलाला त्यांच्याकडून एवढेच हवे असते.